पैसा तुमचा, मग नंबर कुणाचा?

पूर्वी गावात मनिऑर्डर यायची, तेव्हा पोस्टमन दारात उभा राहून नाव घेऊन हाक मारायचा. जिच्या नावाची मनिऑर्डर, तिचीच सही, नाहीतर तिचाच अंगठा. नोटा मोजून तिच्या हातात पडायच्या. पुढे ते पैसे कुणाच्या खिशात जायचे, हा भाग वेगळा. पण आपल्या नावाने पैसे आले, किती आले आणि कधी आले, एवढं तरी बाईला सगळ्यांत आधी कळायचं.

आता पोस्टमनची ती जागा मोबाइल नंबरने घेतली आहे. लातूरला औसा रोडच्या भागात शिकवणीला आलेल्या पोरांना डबे पुरवणाऱ्या ताई असोत, नांदेडला भाग्यनगरात ब्लाऊज शिवणाऱ्या वहिनी असोत, की बचत गटातून शेवया-पापड विकणारी मावशी असो, गिऱ्हाईक एकच वाक्य बोलतं, "नंबर सांगा, टाकतो." आणि पैसे खरंच येतात. सुट्ट्याची कटकट नाही, उधारीची वही नाही. सोय उत्तमच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. बायकांशी बोलताना मी हल्ली मुद्दाम विचारते, "ताई, बँकेत नंबर कुणाचा दिलाय?" उत्तरं ठरलेली असतात. "यांचा आहे." "पोराचाच दिलाय की ओ, तो पुण्याला असतो." "दिराचा होता बहुतेक, खातं त्यांनीच काढून दिलं होतं." घाम तुमचा, खातं तुमच्या नावाचं आणि त्या खात्याचं दार मात्र दुसऱ्याच्या खिशात. फसवणुकीपासून जपायचं म्हटलं की आपल्याला लांबचा कुणीतरी भामटा आठवतो. त्याच्याबद्दलही मी लिहिणार आहे. पण सुरक्षितपणे पैसे घ्यायचे तर पहिली पायरी ही, की बँकेत नोंदलेला नंबर बाईचा स्वतःचा असला पाहिजे. मला आज ठासून सांगायचं आहे ते हेच.

नंबरावर पैसे येतात म्हणजे काय होतं?

आधी हा सगळा कारभार चालतो कसा ते बघू. खाते क्रमांक आणि शाखेचा आयएफएससी कोड पाठ कोण करणार? म्हणून २०१६ साली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन या संस्थेने यूपीआय नावाची व्यवस्था आणली. त्याच वर्षी ३० डिसेंबरला सरकारचं भीम ॲप आलं. फोनपे, गुगल पे, भीम ही सगळी ॲप याच एका व्यवस्थेवर चालतात. तुमचा मोबाइल नंबर किंवा तुमचा यूपीआय आयडी यांच्या मागे तुमचं बँक खातं जोडलेलं असतं. देणाऱ्याने नंबर टाकला की पैसे त्या खात्यात जमा होतात.

यूपीआय आयडीच्या मध्ये ते @ चिन्ह असतं, म्हणून बऱ्याच जणींना तो ईमेलचा पत्ता वाटतो. तो ईमेल नाही. ब्राझीलमध्ये २०२० साली सुरू झालेल्या पिक्स या व्यवस्थेत फोन नंबरासारखाच ईमेलचा पत्ताही खात्याला जोडता येतो आणि त्यावर पैसे घेता येतात. अमेरिकेतही तशी सोय आहे. आपल्याकडे बँक खात्यात ईमेलवरून पैसे येत नाहीत. त्यामुळे "तुमच्या नावाने रक्कम आली आहे, ती मिळवायला या लिंकवर जा," असा ईमेल आला, तर तो न उघडता काढून टाका. लेक-जावई परदेशात असतील आणि त्यांना पैसे पाठवायचे असतील, तर त्यांना खाते क्रमांक आणि बँकेने दिलेले कोड द्यावेत.

एक गोष्ट आणखी. एकाच नंबरावर तुमची दोन खाती असतील, तर नंबरावर आलेले पैसे कोणत्या खात्यात जातील हे ॲपमध्ये ठरवलेलं असतं. ते एकदा उघडून बघून घ्या. नाहीतर डब्याचे पैसे ज्या खात्याचा हप्ता थकलाय त्यात जायचे आणि लगेच कापले जायचे.

दानपेटीचा नियम

आता त्या लांबच्या भामट्याबद्दल. देवळातली दानपेटी डोळ्यांसमोर आणा. पेटीत पैसे टाकायला किल्ली लागते का? वरच्या फटीतून कुणीही टाकावेत. किल्ली लागते ती पेटीतून पैसे काढायला. तुमचा नंबर, तुमचा आयडी, तुमचा क्यूआर कोड ही ती फट आहे. पिन ही किल्ली आहे. म्हणून पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. "पैसे मिळवण्यासाठी पिन टाका," असं कुणी म्हणालं, की तो तुमची पेटी उघडायला आलाय हे नक्की समजा.

एवढं साधं आहे, तरी माणसं का फसतात? कारण समोरचा घाई करतो आणि गोड बोलतो. मेस किंवा डबे चालवणाऱ्या बायकांना येणारा ठरीव फोन असा असतो, "मी मिलिटरीत आहे. आमच्या जवानांसाठी वीस डबे पाहिजेत. ॲडव्हान्स पाठवतो." सैन्यातला माणूस म्हटल्यावर आपला विश्वास बसतो. मग तो खात्री म्हणून एक रुपया पाठवतो. रुपया खरंच येतो! नंतर क्यूआर कोडचा फोटो येतो, "हा स्कॅन करा, तुमच्या खात्यात पाच हजार जमा होतील." स्कॅन केलं की पिन मागितला जातो आणि पाच हजार जातात. क्यूआर कोड देणाऱ्याने स्कॅन करायचा असतो, घेणाऱ्याने नाही. ताई, तुम्ही दुकानदार आहात. कोड तुम्ही दाखवायचा, स्कॅन त्याने करायचा.

यातली एक वाट आता बंद झाली आहे. पूर्वी कुणीही अनोळखी माणूस आपल्याला ॲपवरून पैसे मागणारी विनंती पाठवू शकत होता आणि ती "पैसे आले" असं वाटून बायका मान्य करून पिन टाकत. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवण्यात आली. व्यापाऱ्यांकडून येणारी मागणी मात्र अजूनही येऊ शकते. तेव्हा वाट बदलली तरी दानपेटीचा नियम तोच ठेवा.

दुसरा प्रकार खोट्या मेसेजचा. दुकानात गर्दी असते, गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून पैसे गेल्याचा फोटो दाखवतं आणि निघून जातं. तसा फोटो बनवणं अवघड राहिलेलं नाही. किंवा फोन येतो, "ताई, चुकून तुमच्याकडे पाचशेच्या ऐवजी पाच हजार गेले. माझी आई दवाखान्यात आहे हो, तेवढे परत टाका." बरोबर जमा झाल्याचा मेसेजही आलेला असतो. पण तो बँकेचा नसतो, साध्या दहा आकडी नंबरावरून आलेला असतो. आपण आधीच मऊ काळजाच्या. आई दवाखान्यात म्हटल्यावर हात थांबत नाही. अशा वेळी मेसेज बघू नका, खात्यातली शिल्लक बघा. पैसे खरंच चुकून आले असतील, तर त्याला सांगा, "तुमच्या बँकेत तक्रार करा, माझ्या बँकेकडून मला विचारणा आली की देते." खरं बोलणारा माणूस त्याला हो म्हणेल. भामटा आरडाओरडा करील.

घरातल्या माणसाचा नंबर

इथे मला मूळ मुद्द्यावर यायचं आहे. एवढे सगळे नियम पाठ केले आणि खात्याला नंबरच तुमचा नसेल, तर काय उपयोग?

खात्याला नोंदलेल्या नंबराचं काम काय असतं, ते बघा. पैसे आले-गेल्याचा मेसेज त्याच नंबरावर जातो. ओटीपी त्याच नंबरावर येतो. यूपीआय ॲप सुरू करायचं तर बँकेत नोंदलेलं सिम त्याच मोबाइलमध्ये असावं लागतं, कारण ॲप त्या सिमवरून मेसेज पाठवून खात्री करून घेतं. पिन ठरवायला एटीएम कार्डावरचे शेवटचे सहा आकडे आणि त्याची मुदत लागते, किंवा मग आधारचा ओटीपी. म्हणजे नंबर ज्याच्याकडे आणि कार्ड ज्याच्या कपाटात, तो हवा तेव्हा नवा पिन बनवू शकतो. तुमच्या सहीशिवाय, तुम्हाला मेसेजसुद्धा न जाता.

हे असं झालं कसं? बायकांचा दोष नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये जनधन योजना आली आणि लाखो बायकांची आयुष्यातली पहिली खाती निघाली. देशातल्या जनधन खात्यांत निम्म्याहून जास्त खाती बायकांची आहेत. पण तेव्हा घरात फोन एकच होता, तो पुरुषाच्या खिशात. फॉर्मवर नंबरचा रकाना होता, तो भरला. त्यालाही आता दहा-बारा वर्षं झाली. घरात फोन आले, बायकांच्या हातात आले, रकाना मात्र तसाच राहिला.

"आमच्या घरात तुझं-माझं असं काही नाही," असं मला काही जणी लगेच ऐकवतात. चांगलं आहे, तसंच राहो. मी कुणाच्या नवऱ्यावर संशय घ्यायला बसलेले नाही. पण मला सांगा, एवढा एकोपा असूनही तुमच्या नवऱ्याच्या खात्याला तुमचा नंबर जोडलाय का? नाही ना? मग हे तुझं-माझं नव्हतं तरी एकाच बाजूला कसं झुकलं?

बरं, संशय बाजूला ठेवू. नुसती व्यवहाराची गोष्ट बोलू. पोरगा पुण्याला कंपनीत शिफ्टला गेला, फोन लॉकरमध्ये. इकडे नांदेडला आई बँकेच्या खिडकीशी उभी, ओटीपी तिकडे. साहेब म्हणतात, उद्या या. उद्याचा दिवस म्हणजे तिची एक दिवसाची मजुरी. हा झाला छोटा त्रास. मोठा त्रास मला लिहितानाही जड जातो. आपल्या मराठवाड्यात अचानक धनी गमावलेल्या बायका कमी नाहीत. पंधरा दिवस घरात पाहुणे, रडारड. त्याच्या फोनचा रिचार्ज कोण मारणार? सिम त्याच्या नावावर, ते बंद पडतं. आणि नेमक्या ज्या वेळी तिला स्वतःच्या खात्यातले पैसे लागणार असतात, त्या वेळी ओटीपी एका बंद फोनवर जात असतो. मग नंबर बदलायला अर्ज, आधार, फोटो, चकरा. जे काम एरवी अर्ध्या तासाचं होतं, ते तिला आयुष्याच्या सगळ्यांत वाईट महिन्यात करावं लागतं.

म्हणून म्हणते, नंबर बदलणं म्हणजे घरात भांडण काढणं नव्हे. खात्यावर सही आपली असते तसा नंबर आपला, इतकी ती साधी गोष्ट आहे. घरच्यांनी तुमच्या खात्यातून किराणा भरावा असं वाटत असेल, तर त्यालाही सोय आहे. २०२४ साली यूपीआय सर्कल नावाची सोय आली. तिच्यात खातं आणि पिन आपल्याकडे ठेवून घरातल्या विश्वासू माणसाला ठरावीक मर्यादेत खर्च करायची परवानगी देता येते. पिन सांगण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

लाडक्या बहिणीचे पैसे

जुलै २०२४ पासूनच्या दीड हजार रुपयांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा व्हायचा नाही. हे पैसे मोबाइल नंबरावर येत नाहीत. ते आधारला जोडलेल्या खात्यात येतात. आधारला एका वेळी एकच खातं या कामासाठी जोडलेलं असतं. मध्ये कुठे दुसरं खातं काढताना तिथे आधार जोडलं गेलं असेल, तर पैसे त्या खात्यात जाऊन पडतात आणि बाई जुन्या पासबुकावर नोंद शोधत बसते. कोणतं खातं जोडलंय ते आधारच्या संकेतस्थळावर कळतं, नाहीतर बँकेत विचारा.

नंबर इथेही आडवा येतोच. २०२५ च्या सप्टेंबरात या योजनेची ई-केवायसी निघाली, तेव्हा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरावर येत होता. ज्यांच्या आधारला नंबरच नव्हता किंवा कुणाचा तरी जुना होता, त्यांची काय धावपळ उडाली ते आपण पाहिलंच. आधारचा नंबर वेगळा, बँकेचा नंबर वेगळा. दोन्हीकडे स्वतंत्र नोंद करावी लागते, हे लक्षात ठेवा.

आणि हे पैसे काढताना सांभाळा. २०२४ च्या सप्टेंबरात आपल्याच नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्यातलं प्रकरण बातम्यांत आलं होतं. एका सेवा केंद्रातून गावातल्या पुरुषांची आधार कार्डं आणि पासबुकं घेऊन लाडकी बहीण योजनेचे पैसे त्यांच्या खात्यांवर वळवल्याचा आणि ते परस्पर काढून घेतल्याचा तो आरोप होता. ज्यांचं खातं, त्यांना आपल्या खात्यात काय आलं आणि काय गेलं याची धड कल्पना नव्हती. हे पुरुषांच्या बाबतीत झालं, मग आपली काय कथा! अंगठा लावून पैसे काढणार असाल, तर दोन गोष्टी सोडू नका. एक, किती रक्कम काढायची ते आधी मोठ्याने सांगा आणि पावती मागून घ्या. दोन, "अंगठा नीट लागला नाही, परत लावा," असं सांगितलं तर आधी फोनवर मेसेज बघा, मगच दुसऱ्यांदा लावा. पण मेसेज बघायला तो तुमच्या फोनवर आला पाहिजे ना! पुन्हा आलो आपण नंबरावरच.

नंबर सगळ्या गावाला कशाला?

आता तरुण मुलींसाठी. पार्लर, मेंदीचे क्लास, केकच्या ऑर्डरी असे उद्योग करणाऱ्या मुलींची एक तक्रार मी पुष्कळ ऐकली आहे. पैसे घ्यायला नंबर दिला, की रात्री दहानंतर "हाय", "जेवलात का" सुरू. काही ॲप यूपीआय आयडी बनवतानाच त्यात तुमचा मोबाइल नंबर घालतात. म्हणजे क्यूआर कोडखाली नंबर छापूनच टाकल्यासारखा. हे टाळता येतं. ॲपमध्ये दुसरा आयडी बनवायची सोय असते. त्यात आपल्या उद्योगाचं नाव घाला, मोबाइल नंबर किंवा जन्मतारीख घालू नका. गिऱ्हाइकाला तो आयडी किंवा कोड द्या. पैसे येतील, नंबर तुमच्याकडेच राहील. जमल्यास धंद्याचं खातं वेगळं ठेवा आणि त्यात साठवण ठेवू नका. आठवड्याला आलेली रक्कम बचतीच्या खात्यात सरकवा. दुर्दैवाने काही झालंच, तर नुकसान तेवढ्यापुरतं राहील.

ज्यांच्याकडे बटनाचा साधा फोन आहे, त्यांनी मागे राहायचं कारण नाही. २०२२ साली ८ मार्चला, म्हणजे महिलादिनीच, रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी यूपीआयची सोय सुरू केली. त्याआधीपासून *९९# ही सोयही आहे. शिल्लक तपासायला त्याचा चांगला उपयोग होतो.

आणि सिम बदलताना एक पथ्य पाळा. ऑफर मिळाली म्हणून नवा नंबर घ्यायचा आणि जुना तसाच सोडायचा, ही आपल्याकडची सवय. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या माणसाला मिळू शकतो. तुमच्या खात्याला जोडलेला नंबर कुणा अनोळख्याच्या हातात! बंद झालेले नंबर दर आठवड्याला तपासून काढायचे, असा नियम बँका आणि ॲपना २०२५ मध्ये घालून दिला गेला. पण आपल्या घराची कडी आपणच लावलेली बरी. आधी बँकेत आणि आधारला नवा नंबर द्या, तो चालू झाल्याचा मेसेज येऊ द्या, मग जुनं सिम टाका.

झालंच काही, तर गप्प बसू नका

इतकं करूनही कुणाचे पैसे गेलेच, तर? माझ्या मते बायकांचं खरं नुकसान इथे होतं. पैसे गेल्यावर बाईला पहिला विचार येतो तो बँकेचा नाही, घरच्यांचा. "यांना कसं सांगू? म्हणतील, तुला कुणी सांगितलं होतं मोबाइलवर धंदा करायला?" या भीतीने ती दोन दिवस आतल्या आत कुढत बसते. आणि तेच दोन दिवस सगळ्यांत महत्त्वाचे असतात.

पैसे गेल्याचं कळताच १९३० या नंबरावर फोन करा. हा केंद्राच्या गृह खात्याचा सायबर मदत क्रमांक आहे. फोन लवकर गेला, तर पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवता येतात. लगेच बँकेलाही कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं होतं, की चूक ग्राहकाचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर तीन कामाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर त्याचा भार पडू नये. पिन किंवा ओटीपी आपणच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे चूक झाली असली, तरी घड्याळाकडे बघून पळायचं. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. त्यासाठी १४४४८ हा नंबर आहे.

आणि घरच्या पुरुषांनाही एक विनंती. दुकानात खोटी नोट आली तर आपण दुकानदाराला मूर्ख म्हणत नाही, नोट बनवणाऱ्याला शिव्या देतो. मग बायकोचे पैसे गेले की तिलाच बोल का लावायचा? तुमच्या रागाला घाबरून ती गप्प बसली, तर भामट्याला आयतीच मदत झाली. "तू आधी फोन लाव, बाकी नंतर बघू," एवढं एक वाक्य घरात बोललं गेलं, तर पैसे परत मिळायची आशा तरी राहील.

बँकांकडूनही माझी एक अपेक्षा आहे. बाई पासबुक भरायला आली, की खिडकीवरच्या माणसाने एक प्रश्न विचारावा, "ताई, शेवटी अमुक आकडे असलेला हा नंबर तुमचाच आहे का?" यासाठी ना योजना लागते, ना निधी. रांगेतल्या निम्म्या जणी चमकून बघतील, याची मला खात्री आहे.

पण बँक विचारेपर्यंत आपण वाट कशाला बघायची? उमेद असो की माविम, गावोगावी आपले बचत गट महिन्याला बसतात. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, की एक विषय घ्या. प्रत्येकीने सांगायचं, माझ्या खात्याला कुणाचा नंबर आहे, माझ्या आधारला कुणाचा आहे, आणि सिम कुणाच्या नावावर आहे. जिला सांगता येणार नाही, तिच्यासोबत गटातल्या दोघींनी बँकेत जायचं. सोबत आधार, पासबुक आणि फोन घ्यायचा, नंबर बदलण्याचा अर्ज तिथेच मिळतो. अर्ज केल्यावर पोच घ्यायची, आणि नवा नंबर चालू झाल्याचा पहिला मेसेज तिच्या फोनवर आला, की तो तिला स्वतःला वाचायला लावायचा. वाचता येत नसेल तर पोरीकडून वाचून घ्यायचा. पण फोन तिच्याच हातात ठेवायचा.